छोट्या देशासाठी विकास बँक आराखडा कसा आखते? हे कागद पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी

माझी भाची शिवाजी विद्यापीठातून अर्थशास्त्रात एम.ए. झाली आणि पुण्यात एका सल्लागार कंपनीत लागली. तिसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला. "मामा, भूतानचं सीपीएस वाचून दोन पानांत सार मागितलंय. काहीच कळेना झालंय. सुरुवात कुठनं करू?" त्या रात्री तासभर बोललो. पुढच्या रविवारी ती कोल्हापूरला राजारामपुरीत घरी आली, तेव्हा वही घेऊनच बसलो. तिला सांगितलं तेच इथं लिहितोय. आपल्याकडची बरीच मुलं आता या कामात जातायत, आणि मराठीत हे समजावून सांगणारं फार कमी सापडतं.

मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात आयुष्य काढलं. विकास सेवा सोसायट्यांच्या तपासणीला जाऊन गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी पायाखाली घातले. देशाला कर्ज देण्यातले आकडे कितीतरी मोठे, पण विचारायचे प्रश्न बरेचसे तेच.

पेरणीआधी सोसायटीचा सचिव कमाल मर्यादा पत्रक तयार करतो, आपण त्याला क.म. पत्रक म्हणतो. कुणाची जमीन किती, पीक कुठलं, पीकनिहाय कर्जदर काय, मागची थकबाकी किती, हे सगळं त्यात असतं. ते मंजूर झाल्याशिवाय कर्जवाटप सुरू होत नाही. सीपीएस, म्हणजे कंट्री पार्टनरशिप स्ट्रॅटेजी, हे एका देशाचं पाच वर्षांचं क.म. पत्रक आहे असं समजून वाचायला घ्या. निम्मी भीती तिथंच जाते.

आधी नावं

विकास बँक म्हणजे काय हे नाबार्डवरून चटकन कळेल. नाबार्ड 1982 साली सुरू झाली. तिच्या काउंटरवर तुमचं-आमचं बचत खातं नसतं. ती बँकांना आणि सरकारांना पैसा पुरवते, आणि दरवर्षी प्रत्येक जिल्ह्याचा पतपुरवठ्याचा संभाव्य आराखडा काढते, ज्याला बँकवाले पीएलपी म्हणतात. हेच काम देशांच्या पातळीवर जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक, म्हणजे एडीबी, करतात. जागतिक बँकेची स्थापना 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ठरली, मुख्यालय वॉशिंग्टनला. गरीब देशांना सवलतीनं पैसा देणारी तिची शाखा आयडीए, 1960 पासूनची. एडीबी 1966 ची, मुख्यालय मनिलाला.

एडीबीच्या आराखड्याला सीपीएस म्हणतात. जागतिक बँकेच्या आराखड्याला 2014 पासून सीपीएफ, कंट्री पार्टनरशिप फ्रेमवर्क, म्हणतात. नावं वेगळी, पोट एकच. छोटा देश कुणाला म्हणायचं? जागतिक बँक साधारण 15 लाखांपर्यंत लोकसंख्या असलेल्या देशाला छोटा मानते.

पायरी 1: देशाचा स्वतःचा आराखडा आधी वाचा

नवीन माणूस सरळ बँकेचा कागद उघडतो आणि तिथंच फसतो. बँकेचा आराखडा देशाच्या योजनेला जोडलेला असतो, म्हणून योजना आधी. भूतानमध्ये 1961 पासून पंचवार्षिक योजना आहेत. तेरावी जुलै 2024 मध्ये सुरू झाली. आता एडीबीच्या भूतान सीपीएसचा काळ बघा: 2024 ते 2028. हा मेळ मुद्दाम घातलेला असतो. दोन्ही कागदांची वर्षं जुळत नसतील, तर का जुळत नाहीत हा तुमचा पहिला प्रश्न. निवडणूक झाली असेल, सरकार बदललं असेल, आपत्ती आली असेल. कारण शोधा आणि वहीत लिहा.

पायरी 2: निदान

कर्ज ठरवण्याआधी देशाची तपासणी होते. जागतिक बँकेनं सीपीएफबरोबरच यासाठी एक वेगळा अहवाल सुरू केला, सिस्टिमॅटिक कंट्री डायग्नोस्टिक. एडीबीतही असा अभ्यास आधी होतो. शेती, आरोग्य, बँका, हवामान, रोजगार असं सगळं त्यात असतं आणि वाचणारा दमून जातो. मी भाचीला एकच काम दिलं. त्या देशाला आपल्या जिल्ह्याशेजारी ठेव.

भूतानचं क्षेत्रफळ सुमारे 38,400 चौरस किलोमीटर. कोल्हापूर जिल्ह्याचं 7,685. म्हणजे भूतान जवळजवळ पाचपट मोठा. लोकसंख्या? भूतानची 2017 च्या जनगणनेत सव्वासात लाखांच्या घरात. कोल्हापूर जिल्ह्याची 2011 मध्येच 38.76 लाख. म्हणजे माणसं आपल्या पाचव्या हिश्श्याहून कमी. पाचपट जमिनीवर पाचवा हिस्सा माणसं, तीही हिमालयाच्या उतारांवर. एका गावाला रस्ता न्यायचा, वीज न्यायची, दवाखाना चालवायचा, तर दरडोई खर्च किती येईल? गगनबावड्यातल्या एखाद्या धनगरवाड्यावर खांब टाकताना काय होतं ते ज्यानं पाहिलंय, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. लहान देशाचं पहिलं दुखणं हेच. खर्च वाटून घ्यायला माणसं कमी.

दुसरं दुखणं एकाच पिकाचं. भूतानची मोठी कमाई पाण्यापासून केलेल्या विजेची, आणि ती वीज घेणारा मुख्य ग्राहक एकच, भारत. चुखा 336 मेगावॅट, ताला 1,020 मेगावॅट, मांगदेछू 720 मेगावॅट. ताला म्हणजे आपल्या कोयनेच्या निम्म्याहून थोडा मोठा. पावसाळ्यात नद्या भरून वाहतात तेव्हा वीज विकायची, आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की भारताकडून विकत घ्यायची. ज्या गावात फक्त ऊस आहे, त्या गावाचं वर्ष कारखान्याच्या बिलावर कसं टांगलेलं असतं ते आठवा.

तिसरं, माणसांचं बाहेर जाणं. भूतानमधली शिकलेली तरुण मुलं मोठ्या संख्येनं ऑस्ट्रेलियाला जातायत. याचा संबंध पुढं चौथ्या पायरीशी येतो, म्हणून इथं खूण करून ठेवा.

पायरी 3: पैसा किती आणि कोणत्या अटींवर

कागदाचा हा भाग रूक्ष वाटतो, पण सगळ्यात जास्त वेळ मी इथंच घालवतो.

आयडीएचा पैसा देशांत वाटताना एक सूत्र लावतात. त्यात लोकसंख्या, दरडोई उत्पन्न आणि सगळ्यात वजनदार म्हणजे कारभाराचे गुण. हे गुण सीपीआयए नावाच्या मूल्यमापनातून येतात: 4 गटांत 16 निकष, प्रत्येकाला 1 ते 6 गुण. आर्थिक धोरण कसं, करवसुली कशी, सामाजिक समावेशन किती, सरकारी हिशेब किती चोख, असं सगळं त्यात तपासलं जातं. मागची वसुली चांगली असलेल्या सोसायटीची मर्यादा वाढते, तसंच हे.

पण लोकसंख्येला वजन दिलं की छोट्या देशाच्या वाट्याला चिमूटभर येणार. म्हणून प्रत्येक देशाला एक किमान रक्कम आधी बाजूला काढून ठेवतात. दाते देश ठरावीक वर्षांनी आयडीएत नवा पैसा भरतात, त्याला निधीभरणी म्हणतात. अठराव्या निधीभरणीत, म्हणजे जुलै 2017 पासून, ही किमान रक्कम वर्षाला 40 लाख एसडीआरवरून 1.5 कोटी एसडीआरवर नेली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. छोट्या देशांसाठी हा बदल फार मोठा होता. त्या आधीचा आणि नंतरचा आराखडा शेजारी ठेवला की प्रकल्पांचा आकारच बदललेला दिसतो.

आणखी एक सवलत आहे. आयडीए गरीब देशांसाठी असली, तरी 1985 पासून छोट्या बेटांना उत्पन्नाची मर्यादा ओलांडल्यावरही तिथं प्रवेश मिळत आलाय. पुढं हा अपवाद काही इतर छोट्या देशांपर्यंत वाढवला गेला. मला हे योग्यच वाटतं. एका वादळात वर्षाचं सगळं उत्पन्न वाहून जाऊ शकतं, अशा देशाला दरडोई उत्पन्नाच्या एका आकड्यावरून श्रीमंत ठरवणं अन्यायाचं आहे. छोट्या देशांना आयडीए कर्ज देते त्याची मुदत 40 वर्षं, आणि पहिली 10 वर्षं मुद्दल फेडायचं नाही. एडीबी आपल्या सदस्य देशांचे ए, बी, सी असे गट करते: फक्त सवलतीचा पैसा मिळणारे, दोन्ही मिळणारे, आणि नेहमीच्या दरानं कर्ज घेणारे. तुमचा देश कुठल्या गटात, हे पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

आता कर्ज झेपेल का? जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न असतो, राजाराम बंधाऱ्याची पातळी किती? 39 फुटांना इशारा, 43 फुटांना धोका. कमी उत्पन्नाच्या देशांच्या कर्जालाही नाणेनिधी आणि जागतिक बँकेनं मिळून अशाच पातळ्या आखल्यात. परकीय कर्जाचं आजचं मूल्य, म्हणजे पुढं फेडायच्या रकमा आजच्या किमतीत मांडून येणारा आकडा, जीडीपीच्या किती टक्के, याला मर्यादा आहे: कर्ज पेलण्याची ताकद कमी असलेल्या देशाला 30, मध्यम असलेल्याला 40, भक्कम असलेल्याला 55 टक्के. निर्यात आणि महसूल यांच्या तुलनेतही वेगळ्या पातळ्या आहेत. मग देशाला शिक्का बसतो: धोका कमी, मध्यम, जास्त, किंवा संकटात सापडलेला. धोका जास्त असेल तर आयडीए कर्जाऐवजी अनुदान देते. एकूण आराखड्याचा सूर या एका शिक्क्यावर बदलतो.

भूतानचं उदाहरण इथं फार शिकवणारं आहे. त्याचं सार्वजनिक कर्ज त्याच्या जीडीपीहूनही जास्त. नुसता आकडा बघितला तर पाणी डोक्यावरून गेलंय असं वाटेल. तरी शिक्का मध्यम धोक्याचा. का? कर्जाचा मोठा भाग भारतानं जलविद्युत प्रकल्पांना दिलेला आहे. प्रकल्पाची वीज भारतच घेतो आणि त्या विक्रीतून कर्ज फिटतं. उसावर काढलेलं कर्ज कारखान्याच्या बिलातून परस्पर वळतं होतं, तसंच. पण थोडं खोल बघा. चुखा आणि तालाच्या वेळी भारतानं 60 टक्के अनुदान आणि 40 टक्के कर्ज दिलं. मांगदेछूला अनुदान 30 टक्के आणि कर्ज 70. तेवढाच प्रकल्प उभा करायला कर्जाचा भाग पावणेदोनपट झाला. आकडा कितीही तोंडपाठ असला तरी तो कशातून आला हे विचारायचं, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

पायरी 4: तिथं आधीपासून कोण कोण आहे

माझ्या मते छोट्या देशाच्या आराखड्याचा जीव या पायरीत आहे.

एका जून महिन्यात शाहूवाडी भागातल्या एका सोसायटीत तपासणीला गेलो होतो. एक खोली, एक गोदरेजचं कपाट, खताच्या पोत्यांचा उग्र वास. सचिव एकटाच. सकाळी नऊपासून लेखापरीक्षक येऊन बसलेले, अकराला मी पोचलो, आणि बाराला संगणकीकरणाचं पथक माहिती भरायला आलं. तिघांनाही सभासदांची यादी पाहिजे, तिघांचे नमुने वेगळे. एकाला गट नंबरनं, एकाला खाते नंबरनं, एकाला आधारनं. बाहेर ओसरीवर बी-बियाण्यांसाठी उचल मागायला आलेले पंधरा-वीस शेतकरी छत्र्या मिटवून बसले होते. संध्याकाळी पाचला सचिवानं कपाट बंद केलं, तेव्हा त्यांच्यातल्या एकाचंही काम झालेलं नव्हतं. आम्ही तिघंही आपापल्या जागी बरोबर होतो. मी मात्र त्या दिवशी पुढची तारीख घेऊन परतायला हवं होतं, हे मला आजही वाटतं.

आता त्या सचिवाच्या जागी तुवालुचं अर्थ मंत्रालय ठेवा. नऊ बेटं मिळून 26 चौरस किलोमीटर जमीन आणि 11 हजारांच्या आसपास माणसं, म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या गावाएवढा देश. जागतिक बँकेचं पथक येतं, एडीबीचं येतं, ऑस्ट्रेलियाचं, न्यूझीलंडचं येतं. प्रत्येकाचा खरेदीचा नियम वेगळा, हिशेबाचा नमुना वेगळा, पर्यावरणाचा अर्ज वेगळा. हे सगळं सांभाळणारे अधिकारी मात्र बोटांवर मोजण्याएवढे. त्यातला एखादा परदेशी शिकायला गेला की प्रकल्प थांबतो. भूतानमधून बाहेर जाणाऱ्या तरुणांची खूण करायला सांगितली ती यासाठी. छोट्या देशात पैशाआधी माणसं संपतात. चांगला आराखडा हे धरून आखलेला असतो.

यावर उपाय शोधले गेलेत. 2005 च्या पॅरिस जाहीरनाम्यात मदत देणाऱ्यांनी देशाच्या स्वतःच्या यंत्रणा वापरायचं आणि आपापसात मेळ घालायचं कबूल केलं. एडीबीनं पॅसिफिकमधल्या 12 छोट्या बेट-देशांसाठी बारा वेगळे आराखडे करण्याऐवजी 2021 ते 2025 साठी पॅसिफिक अप्रोच नावाचा एकच कागद केला. तुवालु, नाउरू, टोंगा, सामोआ, किरिबाती सगळे त्यात. त्यामुळं प्रत्येक राजधानीतल्या बैठका आणि मसुदे कमी झाले.

तुम्ही काय करायचं? वहीत एक आडवा तक्ता काढा. वर क्षेत्रं: वीज, रस्ते, पाणी, शाळा, आरोग्य, हिशेब-व्यवस्था. डाव्या बाजूला मदत देणारे. कोण कुठं आहे तिथं फुली. जिथं चार फुल्या आहेत तिथं पाचवी बँक का जातेय, आणि जिथं एकही नाही तिथं कुणीच का जात नाही, हे दोन प्रश्न तुमच्या साराला वजन देतील.

पायरी 5: काय घ्यायचं, काय सोडायचं

इथं तीन चाळण्या लागतात. निदानात ती अडचण मोठी ठरली का? देशाला ती सोडवायची आहे का? आणि या बँकेला त्या कामाचा अनुभव आहे का? तिन्हींतून खाली उतरेल तेच आराखड्यात राहतं.

भूतानमध्ये मोठी धरणं आणि वीजकेंद्रं भारतानं उभी केली. मग एडीबीनं काय करावं? तिनं 126 मेगावॅटच्या दागाछू प्रकल्पाला हात दिला, ज्यात टाटा पॉवरचाही हिस्सा होता. खासगी भांडवल आणायचं आणि वीज सीमेपार विकायची, याची घडी तिथं बसवली. नंतर सेफू इथल्या सौर प्रकल्पाला पैसा दिला. हिवाळ्यात नद्या आटतात हे निदान आठवलं, की सौर का ते लगेच उमगतं.

सोडलेल्या गोष्टी कागदात ठळकपणे लिहिलेल्या नसतात. देशाच्या योजनेची यादी शेजारी ठेवून एकेक नाव खोडत गेलात, की उरतील त्या.

याच टप्प्यावर सरकार, उद्योजक, स्वयंसेवी संस्था, इतर दाते यांच्याशी सल्लामसलत होते. तिचा वृत्तांत परिशिष्टात असतो. राजधानीबाहेर किती बैठका झाल्या तेवढं बघा आणि पुढं चला.

पायरी 6: तक्ता

शेवटच्या पानांवर एक तक्ता असतो, त्याला रिझल्ट्स फ्रेमवर्क म्हणतात. उद्दिष्ट, आज काय स्थिती आहे, कुठल्या वर्षापर्यंत कुठं पोचायचं, आणि माहिती कोण देणार. प्रत्येक ओळीला मी तीन प्रश्न विचारतो. आजचा आकडा आहे का? नसेल तर पाच वर्षांनी प्रगती मोजणार कशी? हा आकडा गोळा करणारा माणूस देशात आहे का? आणि हा बदल बँकेच्या कामानं होणार आहे की एरवीही झालाच असता?

"अमुक इतक्या अधिकाऱ्यांना प्रशिक्षण" अशी ओळ दिसली की थांबा. प्रशिक्षण झालं याचा अर्थ काम सुधारलं असा होत नाही. आपल्याकडं सोसायट्यांना संगणक मिळाले म्हणून सभासदाला त्याच दिवशी दाखला मिळू लागला का, असं विचारण्यासारखंच आहे हे.

धोक्यांचा तक्ताही इथंच असतो. छोट्या देशात आपत्तीचा धोका पहिला. 15 जानेवारी 2022 ला टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, त्सुनामी आली, देशाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला. आधीच मंजूर करून ठेवलेला आपत्कालीन निधी दोन्ही बँकांकडं तयार होता, आपत्ती जाहीर होताच तो मोकळा झाला. 2019 च्या महापुरात ज्यांनी घरातला चिखल काढत पंचनाम्याची वाट पाहिलीय, त्यांना आधी ठरवून ठेवलेल्या पैशाचं मोल कळेल. तुमच्या देशाच्या आराखड्यात अशी सोय आहे का, ते नक्की शोधा.

पायरी 7: मंजुरी आणि उचल

मसुदा सरकारला दाखवून मग संचालक मंडळापुढं जातो. जागतिक बँकेत भूतान, बांगलादेश, श्रीलंका आणि भारत एकाच कार्यकारी संचालकाच्या गटात आहेत, म्हणजे मंडळात या चौघांच्या वतीनं एकच संचालक बसतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं.

इथं नवशिक्यांची ठरलेली चूक होते. आराखड्यात लिहिलेली रक्कम म्हणजे मिळालेला पैसा नव्हे. क.म. पत्रक मंजूर झालं म्हणून शेतकऱ्याच्या हातात नोटा येत नाहीत. प्रत्येक प्रकल्पाची वेगळी संकल्पना, वेगळी तपासणी, वेगळी मंजुरी, मग करार, आणि मग कामाच्या प्रगतीप्रमाणं उचल. नियोजित, मंजूर, करार झालेली आणि उचललेली असे चार रकाने पाडा आणि प्रत्येक आकडा योग्य रकान्यात लिहा. आपल्या भागातल्या पूरनियंत्रणासाठी जागतिक बँकेच्या मदतीच्या बातम्या येतात, त्या वाचतानाही हे चार रकाने उपयोगी पडतील.

मधल्या वर्षांत फेरतपासणी होते. सरकार बदलतं, भाव बदलतात, एखादं उद्दिष्ट गळतं. जागतिक बँकेत याला परफॉर्मन्स अँड लर्निंग रिव्ह्यू म्हणतात. छोट्या देशात एकदोन प्रकल्प रखडले तरी सगळा आराखडा डगमगतो, म्हणून हा कागद चुकवू नका.

पायरी 8: मागच्या आराखड्याचा हिशेब

मुदत संपली की बँक स्वतः पूर्तता अहवाल लिहिते आणि नंतर तिचाच स्वतंत्र मूल्यमापन विभाग तो तपासतो. जागतिक बँकेत हा विभाग आयईजी, एडीबीत आयईडी. दोघांच्या मतांत फरक पडतो तेव्हा मी आधी स्वतंत्र विभागाचं मत वाचतो. कुठलं उद्दिष्ट अर्धवट राहिलं, का राहिलं, हे तिथं साध्या भाषेत सापडतं. बहुतेक वेळा कारण ओळखीचं निघतं: माणसं कमी पडली, निविदा लांबली, प्रकल्प फार गुंतागुंतीचा होता.

त्या रविवारी भाचीनं वहीची दोन पानं समोरासमोर आखली. डाव्या पानावर जुन्या आराखड्यातली उद्दिष्टं आणि त्यांचं पुढं काय झालं ते, उजव्या पानावर नव्यातली. जे डावीकडं अडलं आणि उजवीकडं तसंच पुन्हा आलं, त्याखाली लाल रेघ. जे डावीकडं होतं आणि उजवीकडून नाहीसं झालं, त्याखाली निळी. दुपारच्या जेवणानंतर ती साराला बसली, आणि चहाच्या वेळेआधी दोन पानं लिहून झाली होती.